वरच्या पुलाचे एकोणीस दिवस

“ताई, खांब बुटका आहे म्हणून एवढं वाईट वाटून घेऊ नका. तो काही आपल्या नात्यातला नाही.”

टीमचा लीड तिच्या खुर्चीमागे उभा राहून हे म्हणाला आणि स्वतःच हसला. तो तिच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान होता, मनाने चांगला होता, आणि त्याला काही ठाऊक नव्हतं. मार्चमध्ये वडील गेले, एवढंच तिने ऑफिसात सांगितलं होतं. ते काय करायचे हे कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं, तरी एक माणूस एकतीस वर्षं रोज तीनदा पुलाखाली उतरून पाण्याची उंची वाचत होता, हे एका चहात सांगून झालं नसतं.

पडद्यावर सात खांब होते. नदीखात्याने पाण्याची पातळी मोजणाऱ्या आपल्या सात ठाण्यांच्या हाताने लिहिलेल्या जुन्या वह्या टाइप करून घेतल्या होत्या. कोणत्या ठाण्याची नोंद किती भरवशाची, हे एका नजरेत कळेल असा आलेख बनवायचं काम त्यांच्या कंपनीकडे आलं होतं. भरवशाच्या नोंदींवरून खातं पुढे पूररेषा आखणार होतं, म्हणजे नदीकाठी कुठवर घरं बांधू द्यायची आणि कुठवर नाही. सहा खांब शंभर टक्क्यांना टेकले होते. सातवा, ‘वरचा पूल’ असं नाव असलेला, त्यांच्या पाचव्या हिश्श्याएवढा होता.

“आपण खालची रेघ शून्यावर ठेवलेली नाही,” ती म्हणाली. “साडेअठ्ठ्याण्णववर ठेवलीय. वरच्या पुलाला अठ्ठ्याण्णव पूर्णांक आठ आहेत. दिसतंय असं, की त्यांनी काही केलंच नाही.”

“शून्यापासून काढलं तर सगळे सारखेच दिसतात हो! मग आलेख हवाच कशाला? फरक दिसायला पाहिजे.”

“दिसायला की करायला?”

“सोमवारी सकाळी सकाळी तत्त्वज्ञान नको, ताई. नव्व्याण्णवच्या खालचं ठाणं हिशेबातून बाद, हा त्यांचा नियम आहे. शुक्रवारी खात्याच्या बाई येतायत. खांब दाखवा, सही घ्या, मोकळे व्हा.”

तो गेला. ती त्या बुटक्या खांबाकडे बघत बसली.

वडिलांना गावात सगळे पट्टीवाले म्हणत. पुलाच्या मधल्या पायाला लोखंडी मोजपट्टी ठोकलेली होती आणि तिच्यापर्यंत जायला एकोणचाळीस पायऱ्या होत्या. सकाळी आठ, दुपारी बारा, संध्याकाळी पाच. पट्टीवाले वही काखेत धरून उतरत, शेवटच्या कोरड्या पायरीवर उकिडवे बसत आणि लगेच काही वाचत नसत. पाणी हलतं असतं. तीन लाटा सोडायच्या आणि चौथी वाचायची, ही त्यांची पद्धत. शाळा नसेल त्या दिवशी ती त्यांच्याबरोबर जाई. ते मोठ्याने आकडा म्हणत, ती तो पुन्हा म्हणे, आणि मग ते लिहीत.

“बाबा, तुम्हाला दिसतंय की. मी कशाला म्हणायचं?”

“एकट्याने वाचलं की माणूस आपल्या मनातलं वाचतो. तुझ्या मनात काही नाही अजून.”

“माझ्या मनात खूप आहे.”

“असेल. पण नदीबद्दल नाही ना?”

पायऱ्या पाण्याखाली गेल्या की उतरता येत नसे. दाट धुक्यात पट्टी दिसत नसे. क्वचित ते तापाने पडून असत. अशा वेळी ते वहीतला कप्पा रिकामा ठेवत. इतर ठाण्यांवरचे लोक हसत. वरून विचारणा येई, की सहा ठाण्यांना पाणी दिसलं आणि तुम्हालाच का दिसलं नाही? पट्टीवाले उत्तर लिहीत: ‘दिसले नाही म्हणून लिहिले नाही.’ आई म्हणे, “अहो, एक ओळ जास्त लिहिली तर हात झिजतो का?” ते म्हणत, “हात नाही झिजत.” पुढचं बोलत नसत.

खालच्या अंगाला सहा मैलांवर दुसरा पूल होता. तिथले निरीक्षक म्हणजे तिचे खालचे काका. ठाण्याच्या फोनवरून ते रोज सकाळी वडिलांना विचारत, “किती रे?” आणि वडील रोज म्हणत, “पाणी तुझ्याकडेच येतंय, उतर आणि बघ.” मग दोघे हसत. काका काही उतरत नसत, आणि वडिलांनाही ते माहीत असे. तरी मैत्री पक्की होती. दोघांनी एकाच दिवशी नोकरी धरली होती.

आता काकांचा खांब शंभर टक्के उंच होता. एकतीस वर्षांत पूर आले, धुकं पडलं, त्यांच्या घरी दोन लग्नं आणि एक मयत झाली. पण वहीत एक नागा नाही.

मंगळवार तिने इतर आकार करून बघण्यात घालवला. पाण्याच्या पातळीची रेघ काढली, तर रिकाम्या दिवसांवरून प्रोग्रामने आपणहून सरळ रेघ ओढली आणि नसलेलं असल्यासारखं दाखवलं. वर्षाचं गोल कडं काढलं. सुंदर दिसलं आणि काहीच कळलं नाही. मग प्रत्येक नोंदीचा एक छोटा चौकोन केला, चौतीस हजार चौकोन, भरलेले निळे आणि रिकामे पांढरे. वरच्या पुलाची चादर कसरीने खाल्ल्यासारखी झाली. लीड पाणी प्यायला चालला होता, तो थांबला.

“ताई, हे तर खांबापेक्षा वाईट दिसतंय. तुम्ही त्यांच्या बाजूने आहात की विरुद्ध?”

“बघते अजून.”

खांबाची अडचण तिला तोवर कळली होती. वहीतला कप्पा भरलाय की रिकामा, एवढंच त्याला समजतं. कशाने भरलाय हे त्याला विचारायची सोय नाही.

बुधवारी तिने उंची बाजूलाच ठेवली आणि प्रत्येक आकड्याचा फक्त शेवटचा अंक घेतला. चार मीटर अठरा सेंटीमीटर असेल तर आठ. तीन मीटर बावन्न असेल तर दोन. पडद्यावर शून्य ते नऊ अशा दहा आडव्या ओळी आखल्या. डावीकडून उजवीकडे दिवस, आणि एका नोंदीला एक ठिपका, ज्याच्या त्याच्या ओळीत. खरं पाणी कुठल्या अंकावर थांबायचं हे ठरवून येत नाही. तेव्हा खऱ्या नोंदी दहाही ओळींत सारख्या पसरायला हव्यात, मुठीने बी फेकल्यासारख्या.

वरच्या पुलाचे ठिपके तसेच पसरले. दहा ओळी, एकतीस वर्षं, मधेमधे रिकाम्या जागा.

मग तिने खालच्या काकांचा पूल काढला आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा ती मोठ्याने हसली. शून्याची ओळ कोरी होती. पाचाची ओळ कोरी होती. तीन आणि सातच्या ओळींत ठिपक्यांची चेंगराचेंगरी. काका हुशार, अंदाजपंचे लिहिलेला आकडा गोल दिसला की संशय येतो, म्हणून त्यांनी शून्य आणि पाच हे दोन अंक आपल्या पुलाखालून एकतीस वर्षं वाहूच दिले नव्हते. बाकीच्या पाच ठाण्यांचं थोड्याफार फरकाने तेच. कुणाला आठ आवडत होता, कुणाला दोन.

लीडला तिने हाक मारली. त्याने दोन्ही आलेख शेजारी शेजारी बघितले, मग खुर्ची ओढून बसला.

“आयला,” तो हळू आवाजात म्हणाला. “म्हणजे शंभर टक्केवाले सगळे...”

“घरी बसून.”

“आणि हा बुटका एकटाच...” त्याने पडद्याला जवळजवळ नाक लावलं. “ताई, हे काय आहे? इथे. सहाव्या वर्षात.”

तिने ते पाहिलं नव्हतं. सहाव्या वर्षाच्या शेवटाकडे नखाएवढ्या रुंदीची एक पट्टी होती. तेवढ्या जागेत आठ ओळी रिकाम्या होत्या आणि सगळे ठिपके शून्यावर आणि पाचावर ओळीने बसले होते.

“टाइप करणाऱ्यांची चूक असेल,” ती म्हणाली.

“असेल. बघून घ्या.” तो उठला. “पण मस्त आहे हे, ताई. खरंच.”

ठिपक्यावर क्लिक केलं की त्या दिवसाच्या वहीच्या पानाचा फोटो उघडावा अशी सोय तिनेच केली होती. तिने क्लिक केलं. वडिलांचं अक्षर समोर आलं. मागच्या पानांवर पेन्सिल कधी टोकदार होती, कधी बोथट. कागदावर पाण्याचे डाग होते, एके ठिकाणी ओल्या अंगठ्याचा ठसा होता. या पानावर डाग नव्हते. एकोणीस दिवसांच्या सत्तावन्न नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या एका सरळ रांगेत होत्या. तीन चाळीस. तीन पंचेचाळीस. तीन पन्नास. तीन पन्नास.

तिने वर तारीख बघितली आणि पान बंद केलं.

टाइप करणाऱ्यांची चूक नव्हती. तेव्हा ती सात वर्षांची होती. छातीत पाणी झालं म्हणून तिला मोठ्या शहराच्या इस्पितळात ठेवलं होतं. आई तिच्या धाकट्या भावाच्या वेळी बाळंतीण होती, म्हणून वडील आले होते. ते खाटेशेजारी लोखंडी स्टुलावर बसून असत. सकाळी डोळे उघडले की ते दिसत, दुपारी दिसत, दिवे लागल्यावरही दिसत. खिडकीतून समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी दिसे. ते तिला विचारत, “सांग, आत पाणी किती असेल?” ती काहीही सांगे. ते म्हणत, “बरोबर.” त्या दिवसांची आठवण तिने आयुष्यभर जपली होती. बाप एकोणीस दिवस आपल्याजवळून हलला नाही, हे तिने किती जणांना सांगितलं होतं. मग नदी कुणी वाचली, हा प्रश्न तिला एवढ्या वर्षांत एकदाही पडला नव्हता.

आलेख काढणाऱ्याला खोटं बोलावं लागत नाही. ठिपका थोडा मोठा केला की पुरतं. तिने ठिपक्याचा आकार दोनाचा चार केला. शेजारचे ठिपके एकमेकांत मिसळले आणि ती नखाएवढी पट्टी दिसेनाशी झाली. दहाही ओळी वरपासून खालपर्यंत भरगच्च, निर्मळ. एक अंक बदलला होता फक्त. तिने ते जतन केलं आणि घरी गेली.

गुरुवारी दुपारच्या सुट्टीत जिन्यात उभं राहून तिने खालच्या काकांना फोन लावला.

“कोण? पट्टीवाल्याची लेक का? अगं, मोठ्याने बोल. एक कान बंद आहे आणि दुसऱ्याचा भरवसा नाही.”

“काका, मी तुमच्या नोंदींचा आलेख काढलाय.”

“काय काढलंय?”

“तुमची एकतीस वर्षं काढलीत. त्यात एकसुद्धा पाच नाही, काका. एकसुद्धा शून्य नाही.”

पलीकडे म्हातारा असा हसला की त्याला ठसका लागला.

“सापडलो म्हण की! पोरी, एवढे साहेब आले नि गेले, कुणाच्या बापाला कळलं नाही.”

“उद्या खात्याच्या बाई येतायत. त्यांना दाखवावं लागेल.”

“दाखव की. आता काय, पुलावरून काढून टाकतील? दाखव.” ते थांबले. “पण एवढ्यासाठी फोन नाही केलास तू.”

“काका, मी इस्पितळात होते तेव्हाचे एकोणीस दिवस...”

“हं.”

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

“त्या वर्षी कायम करायची यादी लागायची होती,” काका म्हणाले. आवाज उतरला होता. “तुझ्या बापाच्या वहीत आधीच रिकामे कप्पे. साहेबाने सांगून ठेवलेलं, अजून सलग नागा दिसला तर नाव विसरा. मी म्हटलं, मी जातो तुझ्या पुलावर. तर मला म्हणतो, तू स्वतःच्या पुलावर जात नाहीस, माझ्या कशाला जाशील? खरं होतं ते. मग मीच वही घेऊन इस्पितळात आलो. तू झोपलेली होतीस. म्हटलं, लिही. मागचे आकडे बघ आणि ठोकून दे. त्याला म्हटलं, तीन लिही, सात लिही, गोल लिहू नको. पण ऐकतोय कुठे? शून्य, पाच, शून्य, पाच. खोटंसुद्धा धड लिहिता येत नव्हतं त्याला.”

जिन्यातून दोघी जणी डबे घेऊन खाली गेल्या. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

“मग?”

“मग काय. कायम झाला. तुला घेऊन परत आला, दुसऱ्या दिवशी पायऱ्या उतरला. वहीत आदल्या दिवशीचे तीन पन्नास. पट्टीवर चार अठरा. वर कुठेतरी पाऊस झाला असणार, पाणी दीड हात चढलेलं. तसाच बसून राहिला पायरीवर. मला फोन करून म्हणाला, पाणी चढलं आणि मी नव्हतो. मी म्हटलं, अरे पाणी काय तुला विचारून चढतं? वही मागायला वरच्या ऑफिसात गेला होता, खोडायचं म्हणून. वही पुढे गेली होती. महिनाभर बोलला नाही माझ्याशी. सकाळी फोन केला की म्हणायचा, ‘उतर आणि बघ.’ पण हसायचा नाही.”

“मला कधीच सांगितलं नाही त्यांनी.”

“तुला कसं सांगेल? तुला सांगितलं असतं तर तुझ्यामुळे झालं असं वाटलं असतं तुला. तसं नव्हतं ते. माझ्यामुळे झालं.” काकांनी घसा साफ केला. “ते दाखवणार आहेस का?”

“माहीत नाही, काका.”

“नको दाखवूस. गेला बिचारा. माझं दाखव हवं तेवढं.”

ती जागेवर परत आली. पडद्यावर दहा भरगच्च ओळी होत्या, कुठे डाग नाही. त्या तिला कुणा दुसऱ्याच माणसाच्या वाटल्या. तिने ठिपक्याचा आकार चाराचा पुन्हा दोन केला.

शुक्रवारी खात्याच्या अभियंता बाई अकराला आल्या. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती; चष्मा दोरीने गळ्यात, आणि बोलताना समोरच्याचं वाक्य पूर्ण होऊ देण्याची सवय. लीडने आधी खांब दाखवले. बाईंनी मान हलवली, कागदावर खूण केली. “वरचा पूल बाद. ठीक.”

“मॅडम, अजून एक आलेख आहे,” लीड म्हणाला आणि बाजूला झाला. “ताई सांगतील.”

तिने सांगितलं. शेवटचा अंक, दहा ओळी, पाणी आणि माणूस. बाई खुर्चीत पुढे सरकल्या. खालच्या पुलाच्या दोन कोऱ्या ओळी बघून त्यांनी कपाळाला हात लावला. सहाही ठाणी एकामागून एक बघितली. मग वरच्या पुलावर आल्या आणि बराच वेळ तिथेच राहिल्या.

“म्हणजे रिकामे कप्पे ठेवणारा तेवढाच खरा,” त्या म्हणाल्या. “आणि आपण त्यालाच काढत होतो.”

लीडने तिच्याकडे बघून भुवया उंचावल्या. काम झालं होतं. कुणाचं त्या पट्टीकडे लक्ष गेलं नव्हतं, जाणारही नव्हतं. भिंतीवरच्या पडद्यावर ती नखापेक्षाही लहान दिसत होती.

“मॅडम, इथे बघा,” ती म्हणाली आणि बोट ठेवलं. “सहावं वर्ष. हे एकोणीस दिवस अंदाजाने लिहिलेत. सत्तावन्न नोंदी. विसाव्या दिवशी पाणी एकदम अडुसष्ट सेंटीमीटर वर दिसतं, म्हणजे मधला चढ नोंदलाच गेला नाही. पूररेषेसाठी हे आकडे धरू नका.”

“म्हणजे टक्का अजून खाली जाणार.”

“अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहा.”

“निरीक्षक तिथे नव्हते, असं तुम्ही म्हणता. कशावरून?”

“आकड्यांवरून दिसतं. खालच्या पुलाचे निरीक्षक आहेत अजून, त्यांनी सांगितलं.” ती जरा थांबली. “आणि ते कुठे होते हे मला आठवतंय.”

लीडच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. त्याने पडद्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग टेबलावरच्या स्वतःच्या हातांकडे. बाईंनी चष्मा काढून गळ्यात सोडला.

“काढून टाका तर,” त्या म्हणाल्या. “बाकीचं ठाणं राहील. नियमाचं मी बघते. नियम खांब बघून केला होता.”

तिने तारखा टाकल्या. सत्तावन्न ठिपके गेले. प्रोग्रामने विचारलं: नोंदी वगळण्याचं कारण? खाली एक चौकट होती, वीस अक्षरांची. बाई आपल्या वहीत लिहीत होत्या, लीड खिडकीशी जाऊन उभा राहिला होता.

तिने लिहिलं: ‘घरी मूल आजारी.’